सर्जिकल कापसाच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअरचं काम कसं शिकावं

तालुक्याच्या एमआयडीसीत सर्जिकल कापूस, गॉज आणि निर्जंतुक ड्रेसिंग बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर आहे. कारखाना खारपाणपट्ट्यात आहे, चहूकडे पऱ्हाटीची वावरं. दरवर्षी आमच्याच भागातली मुलंमुली इथं कामाला लागतात. कोणी टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, कोणी मेकॅनिकलचा, कोणी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, माल प्रॉडक्शनवाले काढतात, तपासणी क्यूसीवाले करतात, मशिन मेंटेनन्सवाले पाहतात. मग आपण काय करायचं?"

निर्जंतुक गॉजचं पाकीट घ्या. आतला गॉज खरंच निर्जंतुक आहे का, हे पाहायला पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलं की ते कामातून गेलं. सील किती घट्ट आहे हे पाहायला सील सोलावं लागतं. म्हणजे जे पाकीट ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणीच्या टाक्यांवर उघडलं जाणार, ते स्वतः कोणीच तपासलेलं नसतं. तपासलेली असते ती फक्त त्याची भावंडं. तरीही ते पाकीट चांगलंच असणार, असं आपण छातीठोकपणे म्हणतो, ते कशाच्या जोरावर? ते ज्या प्रक्रियेतून गेलं तिच्या जोरावर. ती प्रक्रिया बांधून देणं, ती रोज तशीच चालते का हे पाहणं आणि बिघडली तर तिच्या मुळाशी जाणं, हे आपलं काम.

आधी मालासोबत चाला

रुजू झाल्यावर लगेच कॉम्प्युटरसमोर बसू नका. कापसाची एक गाठ निवडा आणि तिच्यासोबत गोदामापासून पॅकिंगपर्यंत चाला. गाठ फुटते, ओपनरवर कापूस मोकळा होतो, कचरा-पाला झडतो. मग किअरमध्ये, म्हणजे दाबाच्या मोठ्या बंद टाकीत, कॉस्टिक सोड्यात उकळणं, हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरा करणं, धुणं, हायड्रोमध्ये पिळणं, ड्रायरमध्ये सुकवणं, कार्डिंगवर पातळ थर काढणं, रोल, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारा : इथं मालात काय बदलतं? आणि ते बदललं नाही तर पुढं कोणाला कळतं? दुसऱ्या प्रश्नाला जिथं "कोणालाच नाही" असं उत्तर मिळेल, तिथं वहीत ठळक खूण करा. पुढची दोन-चार वर्षं तुमचा बहुतेक वेळ त्याच खुणांवर जाणार आहे.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्यांना इथं एक गोष्ट आयती मिळते. वेचणी कशी होते हे त्यांनी पाहिलेलं असतं. कवडी कापूस कसा दिसतो, फरदडीच्या कापसात कच्चा तंतू का जास्त असतो, खताच्या पोत्यात कापूस भरला की पोत्याचे प्लास्टिकचे धागे त्यात कसे येतात, हे त्यांना शिकवावं लागत नाही. हे धागे किअरमध्ये विरघळत नाहीत आणि पेरॉक्साइडनं पांढरे होत नाहीत. कार्डिंगवर त्यांचे तुकडे होतात आणि ते थरात मिसळतात, मग वेचायचे म्हटले तरी हाती लागत नाहीत. ते काढायची जागा गाठ फुटते तिथं आहे, आणि त्याहून चांगली जागा शेतकऱ्याच्या अंगणात आहे. ही गोष्ट मीटिंगमध्ये संकोच न करता बोला. कारखान्यात तिची किंमत आहे.

पाणी

आमच्या भागात हे पहिलं शिकावं लागतं. बोअरचं पाणी खारं आहे आणि जडही. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, म्हणून कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो. कॉस्टिकमध्ये उकळून ते मेण आणि तेलकट पदार्थ आपण काढतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं तर त्यांचा साबणासारखा चिकट साका तयार होतो आणि तोच पुन्हा तंतूवर बसतो. कापूस पांढराशुभ्र दिसतो, पण पाणी पीत नाही.

नवीन मुलं टीडीएस मीटर घेऊन सॉफ्टनरचं पाणी तपासतात आणि मीटर हलत नाही म्हणून गोंधळतात. सॉफ्टनर कॅल्शियम घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते. म्हणून सॉफ्टनर चालतो का हे पाहायला हार्डनेसचीच (जडपणाचीच) चाचणी लागते, तीही दर पाळीला. दुसरी बाजू अशी की हार्डनेस शून्य आली तरी खारेपणा गेलेला नसतो. शेवटची धुलाई तशा पाण्यात केली तर मीठ कापसात सुकून राहतं. पाण्यात विरघळणारे पदार्थ कापसात अर्ध्या टक्क्याच्या आत असायला हवेत. त्यासाठी शेवटच्या धुलाईला आरओचं पाणी लागतं. उन्हाळ्यात बोअर खाली गेला किंवा टँकर बोलावला, तर पाणी बदललं असं समजायचं आणि पुन्हा तपासायचं.

लोखंडाकडेही लक्ष ठेवा. जुन्या पाइपचा गंज पेरॉक्साइडच्या टाकीत आला तर पेरॉक्साइड तिथल्या तिथं भडकून फुटतं. त्या ठिपक्यापाशी तंतू जळाल्यासारखा कमजोर होतो आणि गॉजला बारीक भोक पडतं.

किअर आणि बुडण्याची चाचणी

तयार कापसाची सगळ्यात बोलकी चाचणी अगदी साधी आहे. तांब्याच्या तारेची ठरावीक मापाची टोपली घ्यायची, ५ सेंटिमीटर व्यासाची आणि ८ सेंटिमीटर उंच. तिच्यात ५ ग्रॅम कापूस सैलसर भरायचा. २० अंशाच्या पाण्यावर १० मिलिमीटर उंचीवरून ती आडवी सोडायची आणि स्टॉपवॉच चालू करायचं. १० सेकंदांच्या आत टोपली पाण्याखाली गेली पाहिजे. नंतर ती बाहेर काढून अर्धा मिनिट निथळू द्यायची आणि वजन करायचं. एका ग्रॅम कापसानं किमान २३ ग्रॅम पाणी धरलेलं असलं पाहिजे. पहिल्याच दिवशी ही चाचणी स्वतःच्या हातानं करा. चांगला कापूस तीन-चार सेकंदांत सरळ खाली जातो. कच्चा राहिलेला आधी एका अंगावर कलतो, कडेनं हवेचे बुडबुडे सोडत रेंगाळतो. तो फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की रिपोर्टमधला आकडा तुमच्याशी बोलायला लागतो.

आता किअर. आमच्या किअरवरचे काका एकदा घाणा बाहेर काढताना म्हणाले, "मॅडम, मधातला माल कच्चा राह्यला वाटते. मुठीत दाबला तं पाणी चटकन सुटून जाते, मुरतच नाही." लॅबचा रिपोर्ट तोवर पास झालेला होता, कारण नमुना वरच्या थरातून घेतलेला होता. अशा वेळी रिपोर्ट दाखवून काकांना गप्प करायचं नसतं. घाणा तिथंच थांबवायचा. किअरचं उभं चित्र कागदावर काढायचं. वर, मध्ये, खाली असे तीन थर आणि प्रत्येक थरात मधोमध, अर्ध्यावर आणि कडेला अशा जागा धरून नऊ नमुने घ्यायचे, प्रत्येकाचे बुडायचे सेकंद त्या चित्रातच लिहायचे. चित्र भरलं की पाणी नेमकं कुठं मुरतंय ते दिसतं. कडेचा माल चांगला आणि मधला कच्चा असेल तर द्रावण भिंतीच्या कडेनं पळालेलं आहे. ओलिताच्या वाफ्यात पाणी मोकळ्या सरीनं निघून जातं आणि दाबलेली सरी कोरडी राहते, तसंच हे. याचा अर्थ माल भरताना मध्ये जास्त तुडवला गेला. खालचा सगळा थर कच्चा असेल तर बुडाची जाळी चोंदली आहे का ते पाहा. सगळीकडेच आकडे वर गेले असतील तर कॉस्टिकचं प्रमाण, तापमान आणि पंपाचा प्रवाह तपासा.

त्यावर इलाज म्हणून किअर भरायची पद्धत लिहून काढली जाते : प्रत्येक थराचं वजन, भरतानाच द्रावणानं भिजवणं, तुडवायचं कुठून कुठं, आणि दाब चढवण्याआधी आतली हवा पूर्ण बाहेर काढणं. हवेचा मुद्दा कोणी गाळला तर ठामपणे परत घाला. गरम कॉस्टिकमध्ये हवा अडकली की सेल्युलोजचं ऑक्सिडेशन होतं आणि तंतूची ताकद जाते. ही पद्धत मराठीत लिहा, काका जे शब्द वापरतात त्या शब्दांत. लिहून झाल्यावर त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. ते जिथं अडखळतात तिथं तुमचं वाक्य चुकलेलं असतं.

एक छोटी तपासणी आणखी सांगते, कारण ती खूप जण विसरतात. तयार कापूस अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली पाहा. गडद निळा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरेपणा चमकवणारं रसायन) आलेलं आहे, आणि ते सर्जिकल कापसात चालत नाही. तुरळक निळे तंतू बहुधा कपड्यांचे असतात, कारण घरच्या कपडे धुण्याच्या पावडरीत ब्राइटनर असतं. म्हणून कारखान्याचे डगले कारखान्यातच आणि ब्राइटनर नसलेल्या डिटर्जंटनं धुवायचे.

सील : व्हॅलिडेशन म्हणजे काय ते इथं शिका

ज्या प्रक्रियेचा निकाल नंतर मोजून किंवा पाहून पूर्ण तपासता येत नाही, ती आधीच सिद्ध करून ठेवावी लागते. यालाच व्हॅलिडेशन म्हणतात. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. सिद्ध करण्याचे तीन टप्पे असतात आणि सगळे जण त्यांना आयक्यू, ओक्यू, पीक्यू म्हणतात.

आयक्यू म्हणजे मशिन नीट बसलं का : वीज, हवा, कॅलिब्रेशन, मॅन्युअल, सुटे भाग. हे निमूटपणे पूर्ण करा.

ओक्यू म्हणजे सेटिंगच्या दोन्ही टोकांनाही माल चांगला निघतो का हे पाहणं. इथं खरा विचार लागतो. पाकिटाच्या सीलवर तीन गोष्टींचा ताबा असतो : तापमान, दाब आणि वेळ. बँड सीलर असेल तर वेळ म्हणजे पट्ट्याचा वेग. तापमान कमी असेल, दाब कमी असेल आणि वेग जास्त असेल, तर सगळ्यात कच्चं सील मिळतं. याच्या उलट केलं तर सगळ्यात भाजलेलं. दोन्ही टोकांना पाकिटं काढा आणि दोन्हीकडे माल चांगला निघतो हे दाखवा. मधल्या, सगळ्यात सोयीच्या आकड्यावर पाकिटं काढून "ओक्यू पास" असं लिहिणारे बरेच भेटतील. त्या कागदाला अर्थ नाही. भाजलेलं टोकही तितकंच महत्त्वाचं आहे. सील फार घट्ट झालं की सोलताना कागद फाटतो आणि कागदाचे तंतू ऑपरेशनच्या टेबलावर, उघड्या जखमेवर उडतात.

पीक्यू म्हणजे नेहमीच्या माणसांनी, नेहमीच्या पाळ्यांत, नेहमीच्या मालावर प्रक्रिया चालवून दाखवणं. साधारणपणे तीन लॉट घेतात. त्यातला एक रात्रपाळीचा असू द्या. आणि शक्य असेल तर एक असा, ज्यात मध्येच लाईट जाऊन जनरेटरवर बदली झाली. आमच्याकडे वादळवारा सुटला की हे घडतंच. वीज जाऊन आली की सीलरचा डिस्प्ले लवकर आकडा गाठतो, पण जबड्याची पूर्ण लांबी तेवढी तापलेली नसते. म्हणून नियम असा असावा : वीज गेली की पट्ट्यावरची सगळी पाकिटं बाजूला, ठरलेला वेळ थांबा, नवीन नमुना सोला, मगच पुढं. हे मशिनवर मोठ्या अक्षरांत लावा.

सोलायची चाचणी १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर करतात. वाफेशिवाय इतर पद्धतीनं निर्जंतुक होणाऱ्या कागद-फिल्मच्या पाकिटाला युरोपच्या ईएन ८६८-५ मानकात किमान १.२ न्यूटन ताकद सांगितलेली आहे. इथं सरासरीवर भाळू नका. समजा, पहिल्या मशिनची सरासरी २.४ न्यूटन आहे आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.२. दुसऱ्याची सरासरी २.६, पण विचलन ०.४५. दुसरं बरं वाटतं. आता सीपीके काढा, म्हणजे सरासरी किमान मर्यादेपासून किती लांब आहे ते विचलनाच्या तिपटीनं भागा. पहिल्याचा २.४ वजा १.२, भागिले ०.६, म्हणजे २. दुसऱ्याचा १.४ भागिले १.३५, म्हणजे जेमतेम १.०४. बहुतेक ठिकाणी निदान १.३३ मागतात. दुसऱ्या मशिनवर कुठलं तरी पाकीट केव्हा तरी सुटणार, आणि ते कुठलं हे कोणालाच कळणार नाही. पट्टा झिजला असेल, रोलरचा दाब एका बाजूला कमी असेल. कारण शोधा. सेटिंग वाढवून सरासरी वर न्यायच्या मोहात पडू नका.

ताकदीसोबत गळतीही पाहा. रंगाचं द्रावण सीलच्या आतल्या कडेला सोडलं की केसासारखी वाटसुद्धा निळी उमटते. कागद रंग शोषतो, त्यामुळे निरीक्षण काही सेकंदांतच करावं लागतं. नंतर सगळंच निळं दिसतं.

पॅकिंगच्या हॉलमध्ये काम करणाऱ्या मावश्या-काकूंना या चाचण्या दाखवा. रोज हजारो पाकिटं त्यांच्या हाताखालून जातात. सील पांढरट दिसतंय, कडेला सुरकुती येतेय, हे त्यांना आपल्या आधी कळतं. "ताई, आज पाकीट वेगळं दिसून राह्यलं" असं कोणी म्हटलं की हातातलं काम ठेवून उठा. एकदा टाळलंत तर दुसऱ्यांदा कोणी सांगायला येणार नाही.

उन्हाळा आणि निर्जंतुकीकरण

आमचा माल एथिलिन ऑक्साइड गॅससाठी बाहेर जातो. या गॅसला काम करायला ओल लागते. साधारणपणे ४० ते ८० टक्के आर्द्रतेत निर्जंतुकीकरणाची सायकल चालते. कोरडे पडलेले जंतूंचे बीजाणू गॅसला दाद देत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा वाळलेली. कापसाचे खोके दिवसभर ट्रकमध्ये तापले की आतला माल कोरडाठक्क होतो. गॅसच्या आधी खोक्यांना ऊब आणि ओल देतात, त्याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. तिथं ठरवलेला वेळ अशा मालाला पुरेल का, हा प्रश्न प्रोसेस इंजिनिअरनंच विचारायचा असतो. खोक्याच्या पोटात तापमान-आर्द्रता नोंदवणारा लॉगर ठेवून मे आणि जानेवारी, दोन्ही महिन्यांत मोजमाप करा. बॅसिलस अ‍ॅट्रोफियस या जंतूचे बीजाणू लावलेल्या चाचणीच्या पट्ट्या गॅस पोचायला सगळ्यात अवघड जागी, घट्ट भरलेल्या खोक्याच्या मधोमध ठेवा. सोयीच्या कडेला ठेवलेल्या पट्टीनं काहीच सिद्ध होत नाही. सायकलनंतर गॅसचा अंश निघून जायला वेळ द्यावा लागतो. कापूस गॅस धरून ठेवतो, आणि हा गॅस कर्करोगकारक आहे. ऑर्डर कितीही घाईची असो, हा वेळ कापायचा नाही.

कागद

नोंद काम होतं तेव्हाच, पेनानं करायची. चुकली तर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर नाही. पाळी संपताना सगळे रकाने एका हातानं, एका पेनानं भरलेले दिसले तर त्या माणसाला रागावण्याआधी फॉर्म पाहा. दर पंधरा मिनिटांनी आठ आकडे मागणारा फॉर्म कोणीच खऱ्यानं भरू शकत नाही. जे आकडे निर्णयाला लागतात तेवढेच ठेवा.

बिघाड झाला की 'कापा' (CAPA) लिहावा लागतो, म्हणजे बिघाड का झाला आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं याची नोंद. मूळ कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरची चूक, समज दिली" असं लिहिलेलं मी चालू देत नाही. त्या जागी दुसरा माणूस असता तरी हेच झालं असतं का, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं. मग दोष पद्धतीत, फिक्श्चरमध्ये, उजेडात किंवा पाळीच्या वेळेत असतो. सीलरचा पट्टा झिजलेला असताना पॅकिंगच्या बायकांचं प्रशिक्षण घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बदलाची नोंदही तितक्याच काटेकोरपणे करा. पेरॉक्साइडचा पुरवठादार, नवीन बोअर, सीलरचा टेफ्लॉन पट्टा, कागदाचा ग्रेड : "तसंच आहे" असं सांगून काहीही आत येतं. प्रत्येक वेळी विचारा, यामुळे कुठलं व्हॅलिडेशन पुन्हा पाहावं लागेल?

कायद्यापुरतं एवढं पक्कं ठेवा. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, सी आणि डीचा केंद्राची औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ. ए-बी वर्गांना (निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी ए वर्गातली उपकरणं सोडून) १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची सक्ती आली. नियमांची पाचवी अनुसूची गुणवत्ता व्यवस्थेची आहे. ती मुळातून वाचा. इंग्रजी जड वाटलं तर रोज एक पान, शब्दांचे अर्थ समासात लिहीत.

नोकरीला जाताना

एक्सेलमध्ये सरासरी, प्रमाण विचलन, कंट्रोल चार्ट आणि सीपीके स्वतः काढता आले पाहिजेत. आयएसओ १३४८५ चा अंतर्गत ऑडिटरचा कोर्स नंतर कंपनीच करून देते, त्यासाठी घरचे पैसे आधी घालू नका. डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांनी अप्रेंटिसशिपसाठी नॅट्स (NATS) या केंद्र सरकारच्या योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवा. इंजेक्शन मोल्डिंगचा अनुभव असेल तर सिरिंज-आयव्ही सेटच्या कारखान्यांकडे पाहा. तिथं मशिनं वेगळी असली तरी व्हॅलिडेशनची रीत हीच.

मुलाखतीत "प्रोसेस सुधारण्यासाठी काय कराल?" असं विचारतील. पाठ केलेली सिक्स सिग्मा सांगू नका. कॉलेजच्या वर्कशॉपमधलं, जिनिंगमधलं, नाहीतर घरच्या वावरातलं एखादं मोजलेलं उदाहरण सांगा : काय मोजलं, किती फरक पडला, फरक टिकला का. ठिबकच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून पाणी मोजलं असेल तर तेही चालतं. तुमची पाळी आली की लाईन दाखवायची विनंती करा. फिरताना शेवटच्या धुलाईचं पाणी कुठून येतं ते विचारा आणि ऑपरेटरचं वर्क इन्स्ट्रक्शन कुठल्या भाषेत लावलंय ते पाहा. दोन कंपन्यांत निवड करायची वेळ आली तर पगाराच्या आकड्यासोबत ही दोन उत्तरंही शेजारी मांडा.